आधी लॉट, मग वजन: १० मीटर एअर रायफलसाठी पेलेट निवडण्याची आणि तयार करण्याची पद्धत

पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर मुलांना सरावाला आणणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: "एकेक पेलेट वजन करून दिला, तरी ग्रुप का फाकतो?" (पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, आणि ग्रुप म्हणजे एका टार्गेटवर पडलेल्या शॉटचा पुंजका.) उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. वजन शेवटी करायचं असतं, आणि ते सगळ्यात आधी केलेलं असतं. बंदूक तपासलेली नसते, लॉट (कारखान्यातून एका नंबराखाली निघालेला माल) बॅरलला मानवतो का हे पाहिलेलं नसतं, आणि वजन करून निवडलेले पेलेट स्कूटरच्या डिकीत खड्ड्यांवरून आदळत रेंजपर्यंत येतात.

खाली दिलेला क्रम हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या ४.५ मि.मी. मॅच रायफलसाठी, म्हणजे स्पर्धेच्या रायफलसाठी, आहे. एअर पिस्तूललाही तो लागू होतो, फक्त आकडे बदलतात. स्प्रिंगच्या बंदुकीसाठी कुठे वेगळं वागायचं ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे. टप्पे मागेपुढे करू नका. एक टप्पा कच्चा राहिला तर पुढच्या टप्प्याचे निकाल फसवे निघतात, आणि ते फसवे आहेत हे कळायलाही मार्ग उरत नाही.

## हात लावण्याआधी

पेलेट शिशाचे असतात. शिसं थोडं पोटात गेलं तर चालतं अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे काही गोष्टी पक्क्या ठरवून घ्या. निवडण्याचं काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करायचं नाही. काम चालू असताना चहा-बिस्किटं नाहीत. पेलेटवरची धूळ तोंडाने फुंकायची नाही. हात मोकळे राहावेत म्हणून पेलेट ओठांत धरणारी मुलं अजूनही दिसतात. ही सवय दिसली त्या क्षणी मोडा. काम संपलं की हात साबणाने नीट धुवा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. कोरडं झाडलंत तर शिशाची धूळ हवेत उडते. घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर हे काम घरी करूच नका, रेंजवर करा.

वापरलेले पेलेट वितळवून साच्यात ओतावेत, म्हणजे पैसे वाचतील, असंही कुणीकुणी सुचवतं. अजिबात नको. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्या रसात ओलाव्याचा एक थेंब पडला तरी रस उसळून अंगावर येतो, आणि धूर व गाळ घरभर विषारी कण सोडतात. शिवाय मॅच पेलेटच्या हेडचं, म्हणजे पुढच्या सपाट तोंडाचं, माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळलेलं असतं. घरच्या साच्यातून ते निघत नाही.

## काय लागेल

भिंग किंवा दागिने पाहायची लुप, पांढऱ्या प्रकाशाचा टेबललॅम्प, साधारण एक फूट लांबीची सपाट काच, व्हर्निअर कॅलिपर, कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा, लेबलं आणि वही. ट्रे आणि फोम रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात.

वजनकाट्याबद्दल मात्र थांबून विचार करा. मॅच रायफलचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वस्त काट्यावर एक अंक बदलला म्हणजे जवळपास दोन टक्के फरक झाला. असा काटा फार तर ठळक बिघडलेला पेलेट पकडेल. निवड करायची असेल तर ०.००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा हवा, सराफी कामाला वापरतात तसा, वर काचेचं झाकण असलेला. तो नसेल तर वजनाचा टप्पा सरळ सोडून द्या. ०.०१ च्या काट्यावर तासन्‌तास बसण्यापेक्षा तोच वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला देणं कितीतरी फायद्याचं आहे.

## टप्पा १: बंदूक आधी

लॉटची टेस्ट म्हणजे बंदूक आणि पेलेट या जोडीची टेस्ट. बंदूकच ढिली असेल तर सगळे लॉट सारखेच वाईट दिसतील.

१. स्टॉक (दस्ता) आणि ॲक्शन (पेलेट भरण्याचा-झाडण्याचा यांत्रिक भाग) जोडणारे स्क्रू मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ताणाने बसलेत का ते पाहा. टॉर्क रेंच नसेल तर कोचकडून किंवा क्लबच्या आर्मररकडून तपासून घ्या. अंदाजाने आवळू नका.

२. पुढची आणि मागची साइट बोटांनी हलवून बघा. किंचितही हलली तर आधी ती घट्ट करा.

३. सिलिंडरचा दाब मॅन्युअलच्या खालच्या मर्यादेच्या बराच वर हवा. मॅच रायफलमध्ये रेग्युलेटर असतो, म्हणून दाब कमी होत गेला तरी वेग बराच काळ टिकतो. पण मर्यादेखाली गेल्यावर पेलेट खाली पडू लागतात आणि दोष लॉटवर येतो. सिलिंडरवरची मुदतही याच वेळी पाहून घ्या. तो मुदतीत असणं ही स्पर्धेच्या नियमांनुसार खेळाडूची जबाबदारी आहे.

४. बॅरल साफ करा. दोरीला लावलेली फेल्टची गादी ब्रीचकडून (पेलेट भरायच्या टोकाकडून) मझलकडे (पेलेट बाहेर पडायच्या टोकाकडे) ओढायची, उलट कधीच नाही. पहिली गादी काळी निघेल, पुढच्या फिकट होत जातील. तेल लावायचं असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच, तेही नावापुरतं, आणि शेवटी कोरडी गादी ओढून ते पुसून काढायचं. जास्त दाबाची हवा आणि साधं तेल एकत्र आलं तर पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून शिवणयंत्राचं तेल बंदुकीच्या आसपासही आणू नका.

सूचना: स्प्रिंगच्या बंदुकीतून फेल्टच्या गाद्या पेलेटसारख्या झाडून बॅरल साफ करू नका. गादी हलकी असते. तिच्यामागे पुरेसा दाब तयार होत नाही आणि पिस्टन पुढे जाऊन आपटतो. तिथेही दोरीच वापरा.

साफ केल्यानंतरचे पहिले शॉट इकडेतिकडे जातात. बॅरलमध्ये शिशाचा पातळ, सारखा थर बसेपर्यंत हे होणारच. साधारण १५ ते २० शॉट मोजणीत न धरता मारा. साफ केलेल्या बॅरलवर लगेच पहिला लॉट मारायचा आणि तो फाकला म्हणून बाद करायचा, हे रेंजवर फार वेळा होतं. त्या बिचाऱ्या लॉटला संधीच मिळालेली नसते.

पडताळणी: रायफल टेकवून, आजवर वापरत असलेल्या पेलेटचे पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप मारा. तिन्हींचं केंद्र एकाच जागी पडतंय का? केंद्रच सरकत असेल तर साइट, स्क्रू किंवा टेकवण्याची पद्धत यांत दोष आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: लॉट जमवणं

एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच वजनाचे दोन डबे एकाच बॅरलमधून वेगळे वागू शकतात. यंत्रावरचे साचे झिजतात, बदलले जातात, आणि प्रत्येक बॅरलचं आतलं मापही तंतोतंत सारखं नसतं. म्हणून "आर१० चांगले की फायनेल मॅच?" या, दोन कंपन्यांच्या पेलेटबद्दलच्या, प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या बॅरलला कुठला लॉट मानवतो, एवढंच विचारता येतं. मैत्रिणीच्या रायफलमधून एकच भोक पाडणारा लॉट तुमच्या रायफलमधून तसा जाईलच असं नाही. तिचे उरलेले डबे आंधळेपणाने विकत घेऊ नका.

डब्यावर तीन गोष्टी वाचा: वजन, हेडचं माप आणि लॉट नंबर. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचे पेलेट वापरतात. पिस्तूलसाठी थोडे हलके मिळतात, आरडब्ल्यूएस कंपनीचे ०.४५ आणि एच अँड एन कंपनीचे ०.४९ ग्रॅमचे. हेड ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मि.मी. असं छापलेलं असतं. या शंभराव्या भागावरून दुकानात वाद घालू नका. ४.५० पासून सुरुवात करा आणि जमलं तर एक लॉट ४.४९ चा ठेवा. निकाल कागदच देईल.

चार-पाच वेगळे लॉट पुरेत. एकट्याने इतके डबे घेणं महाग पडतं, म्हणून एकाच बॅचमधल्या मुलांच्या पालकांनी मिळून घ्यावेत आणि प्रत्येक लॉटमधले पन्नास-साठ पेलेट वाटून घ्यावेत. वाटताना डबा पालथा करून ओतू नका. फोमच्या ट्रेमध्ये एकेक उचलून ठेवा आणि प्रत्येक ट्रेवर तिथल्या तिथे लेबल लावा. "नंतर लावू" म्हटलं की दोन ट्रे हमखास बदलतात.

सूचना: या टप्प्यात चाळणी करायची नाही, वजनही नाही. डबा जसा आहे तसाच मारायचा. डोळ्यांना सरळ दिसणारा वाकलेला पेलेट तेवढा बाजूला काढा. निवडलेले पेलेट मारून टेस्ट केली तर कळतं ते तुमच्या निवडीबद्दल, लॉटबद्दल काहीच कळत नाही.

## टप्पा ३: टेस्ट

हा लेख खरं तर या टप्प्यासाठीच लिहिला आहे. आधी किती बारीक फरकाशी गाठ आहे ते पाहू.

रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मि.मी. व्यासाचा असतो. पेलेटची कड त्याला शिवली की १०.० मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मि.मी.च्या आत हवा. तिथून आत दर ०.२५ मि.मी.ला एक दशांश वाढतो आणि १०.९ साठी मध्य ०.२५ मि.मी.च्या आत लागतो. समजा, क्लॅम्पमध्ये बांधलेली रायफल बाहेरच्या कडांवरून मोजलेला ७ मि.मी.चा ग्रुप देते. त्यातून पेलेटचा ४.५ मि.मी. व्यास वजा केला की दोन टोकाच्या शॉटच्या मध्यांतलं अंतर २.५ मि.मी. उरतं. नेम अगदी मध्यावर असला तरी टोकाचा शॉट १.२५ मि.मी. बाजूला पडणार, म्हणजे १०.५. हाच ग्रुप ५.५ मि.मी.चा असेल तर टोकाचा शॉटही १०.८ देतो. क्वालिफिकेशन ६० शॉटची असते आणि रायफलला दशांशात गुण मिळतात. प्रत्येक शॉटला सरासरी एकच दशांश गेला तरी ६ गुण गेले. मुलीने वर्षभर घाम गाळून कमावलेला फरक चुकीच्या डब्यात असा सहज जातो.

(पिस्तूलमध्ये हा हिशेब सैल आहे. तिथे मध्य ८ मि.मी.च्या आत असला तरी दहा मिळतात, आणि क्वालिफिकेशनला पूर्ण गुणच मोजतात. पिस्तूलवाल्यांनी वाईट लॉट टाळला तरी पुष्कळ झालं. सर्वोत्तम लॉटच्या मागे महिने घालवू नयेत.)

रायफल कशी धरायची. सगळ्यात उत्तम म्हणजे क्लबमधला क्लॅम्प. तो नसेल तर टेबल आणि वाळूच्या दोन पिशव्या. फोरएंडचा, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या बाजूचा, एकच ठरावीक भाग पिशवीवर टेकवायचा. तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवा. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला टेकता कामा नये. सगळे लॉट एकाच व्यक्तीने मारायचे, आणि ती बॅचमधली सगळ्यात स्थिर हाताची असावी. स्वतःचंच मूल असायला हवं असा आग्रह नको. टेस्ट रायफलची आहे.

कुठल्या क्रमाने मारायचं.

१. नवा लॉट सुरू करताना पहिले पाच शॉट वेगळ्या कार्डावर (कागदी टार्गेटवर), मोजणीबाहेर. आधीच्या लॉटचा लेप बॅरलमध्ये असतो. तो जाऊ द्या.

२. मग पाच शॉटचा एक ग्रुप, एका कार्डावर. कार्डावर लॉट, क्रमांक आणि वेळ लगेच लिहा.

३. लॉट क, ख, ग, घ असे संपले की उलट या: घ, ग, ख, क. सकाळी हात ताजा असतो, दुपारी दमतो. एक लॉट सकाळी आणि दुसरा दुपारी मारला तर थकवा दुसऱ्याच्या माथी जातो.

४. हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक लॉटचे निदान सहा ग्रुप, म्हणजे ३० शॉट व्हायला हवेत.

एवढे ग्रुप कशाला, असं वाटेल. पाच शॉटच्या ग्रुपमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो. तीच रायफल, तोच पेलेट, तोच हात असला तरी दोन ग्रुप सहज पाव भागाने लहानमोठे निघतात. एक सुंदर ग्रुप पडला, त्याचा फोटो काढला आणि त्या लॉटचे दहा डबे उचलले, असं करू नका. त्या एका कार्डावरून काहीही सिद्ध झालेलं नसतं.

एक नियम कडक पाळा. "हा शॉट माझ्या हाताने गेला" हे भोक पाहण्याआधी म्हणायचं, टेलिस्कोपला डोळा लावण्याआधी. तसं म्हटलं असेल तर तो शॉट वगळून दुसरा मारा. भोक पाहिल्यावर कुठलाही शॉट वगळायचा नाही. आवडत्या लॉटचे वाकडे शॉट सगळ्यांना हाताचे वाटतात आणि नावडत्याचे पेलेटचे.

कागद कोरडा हवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कार्ड दमट होतात आणि भोक कातरल्यासारखं न पडता फाटतं. मग मोजायला कडच मिळत नाही. कार्ड आदल्या रात्रीपासून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

## टप्पा ४: ग्रुप मोजणं आणि लॉट ठरवणं

भोक पेलेटपेक्षा थोडं लहान दिसतं, कारण कागद मागे येतो. म्हणून फाटलेल्या कडेवर न जाता शिशाने उमटलेल्या करड्या वर्तुळाची बाहेरची कड धरा. व्हर्निअरचे जबडे कागदाला टेकवून सगळ्यात दूरच्या दोन कडांमधलं अंतर वाचा. सगळी कार्डं एकाच माणसाने, एकाच बैठकीत मोजावीत. लॉटचं नाव झाकून मोजता आलं तर फारच छान.

प्रत्येक लॉटसाठी वहीत दोन आकडे लिहा: सहा ग्रुपची सरासरी आणि सगळ्यात मोठा ग्रुप. सरासरीत दोन लॉट जवळजवळ असतील तर ज्याचा सगळ्यात मोठा ग्रुप लहान, तो निवडा. सामन्यात नुकसान करतो तो एखादाच भरकटलेला शॉट.

भोकांची मांडणीही पाहा. चार शॉट एका भोकात आणि पाचवा दर वेळी वेगळ्या दिशेला गेलेला असेल, तर डब्यात काही वाकलेले पेलेट असण्याची शक्यता आहे. असा लॉट चाळणीनंतर सुधारू शकतो. पाचही सारखेच विखुरलेले असतील तर तो लॉट या बॅरलचा नाही. त्याला चाळून, तोलून उपयोग नाही. उभी रेघ पडत असेल तर वेग कमीजास्त होतोय. तेव्हा पेलेटआधी सिलिंडरचा दाब आणि रेग्युलेटर पाहा.

सगळ्यात चांगले दोन लॉट ठेवून बाकीचे बाद करा आणि उरलेल्या दोघांत दहा-दहा शॉटचे ग्रुप मारून निकाल लावा. तरीही फरक दिसला नाही तर दोन्ही चांगले आहेत. जो जास्त मिळतो तो घ्या.

पडताळणी: निकाल लागला त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून त्याच लॉट नंबरचे डबे राखून ठेवायला सांगा. "सेम माल आहे" या आश्वासनावर जाऊ नका. डब्यावरचा नंबर स्वतः वाचा किंवा त्याचा फोटो मागवा. शक्य असेल तर एका मोसमाची गरज एकदम भागवा.

## टप्पा ५: चाळणी

आता, लॉट ठरल्यावर, एकेक पेलेट हातात घ्यायचा.

डोळ्यांनी. डबीतून थोडे पेलेट फोमवर काढा. रबरी फुग्याने धूळ आणि शिशाची कुसळं उडवा, आणि खालचं फडकं नंतर ओलं करून पुसा. पेलेट धुवू नका. मॅच पेलेटवर कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो. साबणाच्या पाण्याने तो निघतो आणि शिसं उघडं पडून लवकर पांढरं होतं. वरून तेल किंवा सिलिकॉन स्प्रेही मारू नका. टेस्ट तुम्ही कोऱ्या पेलेटची केली आहे. लेप बदलला की ती टेस्ट बाद.

लुपखाली आधी स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड पाहा. पेलेट उभा धरून लॅम्पखाली हळूच फिरवला की कडेवर प्रकाशाची बारीक गोल रेघ दिसते. ती अखंड असेल तर पेलेट चांगला. एखाद्या ठिकाणी ती चपटी झाली, आत दबली किंवा तुटली, की तिथे पोचा आहे. स्कर्टची कड इतकी पातळ असते की दुसऱ्या पेलेटच्या टकरीनेही ती दबते. मग हेड पाहा: सपाट तोंडावर खाच, कडेला सुटलेली शिशाची साल, एका बाजूला झिजलेली कड. पांढरट भुकटी दिसली तर तो पेलेट घासून साफ करू नका. ती भुकटी शिशाचा क्षार आहे आणि विषारी आहे. असा पेलेट थेट टाकाऊ डब्यात.

काचेवर. काच एका कडेखाली पातळ वही ठेवून किंचित कलती करा. पेलेट आडवा ठेवून सोडा. हेड आणि स्कर्टचा व्यास वेगळा असल्याने तो सरळ न जाता हेडच्या बाजूला वळत कमान काढतो. चांगले पेलेट साधारण एकाच कमानीने जातात. वाकलेला लडखडतो, मध्येच थांबतो किंवा भलत्याच वळणाने जातो. लुपने न दिसलेला पोचा इथे हमखास सापडतो, आणि हे काम वजनापेक्षा खूप भराभर होतं. माझ्या मते वेळ एकाच चाचणीला देता येत असेल तर तो काचेला द्यावा.

वजन, सगळ्यात शेवटी. काटा अर्धा तास आधी सुरू करा, पंखा बंद करा, झाकण लावा, आणि दर वीस-पंचवीस पेलेटनंतर शून्य तपासा. आता हिशेब पाहा. पेलेट साधारण १६५ ते १७० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो आणि १० मीटर अंतरात गुरुत्वाने सुमारे १८ मि.मी. खाली येतो. वजन एक टक्क्याने, म्हणजे ०.००५ ग्रॅमने वाढलं तर वेग अर्ध्या टक्क्याने घटतो आणि पेलेट साधारण ०.१८ मि.मी. जास्त खाली पडतो. एका दशांशाची रुंदी ०.२५ मि.मी. आहे, म्हणजे इतका फरक त्याहूनही कमी. पण ०.०२ ग्रॅमचा फरक ०.७ मि.मी.च्या आसपास जातो, म्हणजे तीन दशांशांच्या घरात.

यावरून काय करायचं ते ठरतं. हजाराव्या भागाचे दहा-बारा गट पाडत बसू नका. लॉटचं नेहमीचं वजन शोधा, त्याच्या दोन्ही बाजूंना ०.००५ ग्रॅमपर्यंतचे सामन्यासाठी ठेवा, बाहेरचे सरावासाठी. चांगल्या लॉटमध्ये बाहेर पडणारे थोडेच असतात. बरेच पडत असतील तर काट्याचा शून्य सरकलाय का ते आधी पाहा.

सूचना: वाकलेले पेलेट सरावालाही वापरू नका. चांगल्या नेमाला नऊ मिळाला की मूल आपलं तंत्र बदलू लागतं, आणि ती सवय सोडवायला महिने जातात. सरावाचा डबा वजनात मागेपुढे असलेल्या पण आकाराने धड पेलेटसाठी आहे.

टाकाऊ शिसं घरच्या कचऱ्यात घालू नका. ते वेगळं करताना कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताला लागतं. झाकणाच्या डब्यात साठवून रेंजवर न्या आणि पेलेट ट्रॅपच्या (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीच्या) शिशाबरोबर द्या.

## टप्पा ६: साठवण आणि ने-आण

इतकं निवडून झाल्यावर पेलेट पुन्हा सुटे डबीत ओतले तर सगळं काम वाया जातं. सामन्याचे पेलेट खाचांच्या फोम ट्रेमध्येच ठेवा, वर फोमचाच तुकडा आणि घट्ट झाकण, म्हणजे ते हलणार नाहीत. सिंहगड रोडवरून बालेवाडीला स्कूटरवर येत असाल तर ट्रे डिकीत नको. पाठीवरच्या सॅकमध्ये, कपड्यांच्या मध्ये ठेवा. सुट्या डबीतले पेलेट वाटेत एकमेकांवर आपटतात आणि तळाशी करडी पूड साठते. ती पूड म्हणजे झिजलेले स्कर्ट.

घरी ठेवताना लाकडी किंवा प्लायवुडचा खण टाळा. लाकूड आणि प्लायमधून आम्लाची वाफ निघत राहते आणि तिने शिसं पांढरं पडतं. व्हिनेगरच्या बाटलीशेजारी तर नकोच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा डबा, आत सिलिका जेल, आणि तो मुलांच्या हाताला न येणाऱ्या, कुलपाच्या लोखंडी कपाटात. पावसाळ्यात पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा कोरड्या करून घ्या.

## टप्पा ७: पेलेट भरताना

निवडलेला पेलेट शेवटच्या दोन सेकंदांतही बिघडतो. बोटांच्या टोकांनी पेलेट कमरेला, म्हणजे मधल्या बारीक भागाला धरा, स्कर्टला नाही. सपाट हेड पुढे, पोकळ बाजू मागे. घाईत उलटा भरला जाणं दुर्मीळ नाही. पेलेट खोबणीत सरळ पडला आहे हे डोळ्यांनी पाहूनच लिव्हर बंद करा. लिव्हरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला तर थांबा, उघडा आणि पाहा. पेलेट तिरपा असेल आणि तसाच दाबला तर हेडची कड कातरली जाते. स्प्रिंगच्या मोडत्या (बॅरल वाकवून उघडणाऱ्या) बंदुकीत तो अंगठ्याने ब्रीचच्या तोंडाशी सपाट येईपर्यंत बसवा, दर वेळी सारख्याच दाबाने.

खाली पडलेला पेलेट उचलून पुन्हा भरू नका. एका पेलेटची किंमत शॉटपुढे काहीच नाही.

सामन्याच्या दिवशी: ६० शॉट आणि साइटिंग (सामन्याआधीचे, गुण न धरले जाणारे शॉट) मिळून शंभर निवडलेले पेलेट सोबत ठेवा. साइटिंगलाही तोच लॉट वापरा. दोन लॉटचे मध्य वेगवेगळ्या जागी पडतात. साइटिंग एका लॉटने आणि सामना दुसऱ्याने झाला तर पहिले काही शॉट साइट शोधण्यात जातील.

## टेस्ट पुन्हा कधी

लॉट नंबर बदलला की, तोच ब्रँड असला तरी. रेग्युलेटर, सील किंवा बॅरलचं काम झालं की. रायफल खाली पडली किंवा आपटली की. आणि टेकवून मारलेले ग्रुप वहीतल्या सरासरीपेक्षा सलग मोठे येऊ लागले की. या शेवटच्या वेळी मात्र नवे डबे घ्यायला धावू नका. पहिल्या टप्प्यापासून सुरू करा: स्क्रू, दाब, बॅरल. आधी बॅरल साफ करून १५-२० शॉट मारा आणि मगच कार्ड लावा.